पहिल्या बाकावरून न दिसणारं तोंड

मी एक जुना उपदेशमंच आहे. चर्चमध्ये पाळक ज्यात उभं राहून बोलतात, तो. तीन बाजूंना फळ्या आणि वर ग्रंथ ठेवायला उतरती पाटी. मला घडवलं तेव्हा मी जेमतेम कमरेएवढा होतो. त्या वेळचे पाळक ठेंगणे होते, आणि सुतारही काटकसरी होता.

मग नवे पाळक आले. आवाज खणखणीत, उंची दांडगी, मिशा झुपकेदार. "मी आलो तेव्हा ऐंशी माणसं होती, आता दोनशे आहेत," हे वाक्य ते दर रविवारी कुठे ना कुठे बसवायचेच. त्यांनी सुतार बोलावून मला दोन फूट चढवलं, चढायला पायऱ्या केल्या, पुढे नक्षीची उंच फळी ठोकली. लोक म्हणाले, "वा! आता कसं भारदस्त दिसतं!" खोटं कशाला बोलू मित्रांनो, मीही फुगून गेलो.

पहिल्या बाकावर शिंपीणबाई बसायच्या. विसाव्या वर्षी तापात त्यांचे कान गेले. तेव्हापासून त्या ओठ पाहून बोलणं समजून घेत. मी उंच झालो आणि त्यांना पाळकांचं फक्त कपाळ दिसू लागलं. तरी त्या येत राहिल्या, मांडीवर हात ठेवून तासभर माझी नक्षी बघत बसत. मला लाज वाटायची, पण लाकडाला मान खाली घालता येत नाही.

एका रविवारी त्या पाळकांना म्हणाल्या, "शनिवारी माझ्या लेकीचं लग्न. तुम्ही सांगाल ते तिचं लग्नाचं वचन मला कळलं पाहिजे. त्या दिवशी तेवढं खाली उभं राहाल का?"

"काळजी नको, ताई! आवाज चांगला चढवतो!"

"आवाज नको हो. तोंड दिसू दे."

"बघू, बघू," म्हणत ते दुसऱ्यांशी बोलायला वळले. चर्चमध्ये किती खुर्च्या वाढवाव्या लागल्या, ते सांगायचं होतं.

शनिवारी ते माझ्यातच चढले. वचनाचं एकेक वाक्य ते सांगणार, मुलीने नवऱ्याकडे पाहून म्हणायचं, अशी रीत. पहिलं वाक्य झालं. मुलगी वळली ती थेट आईकडे, आणि ओठ स्पष्ट हलवत तिने ते वाक्य आईला सांगितलं.

"अगं, तिकडे नाही, नवऱ्याकडे बघ," पाळक म्हणाले.

"आईला तुमचं तोंड दिसत नाही, पाळकसाहेब. तिला कळल्याशिवाय मी पुढचं बोलणार नाही."

नवरदेव रुमालाने घाम पुसू लागला. माझ्या पाटीवरचे पाळकांचे हात मला जड लागले. मग ते पायऱ्या उतरले, शिंपीणबाईंच्या समोर तीन हातांवर उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश. शेवटचं वाक्य झाल्यावर बाई भर चर्चमध्ये ओरडल्या, "कळलं! सगळं कळलं!" आपला आवाज किती मोठा झाला, हे त्यांना कुठे ठाऊक! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

सोमवारी सुतार पुन्हा आला. "एवढी नक्षी कापायची? लोक विचारतील की!"

"सांगा, पाळकांना उंचावर भोवळ येते."

करवत लागताना दुखलं, ते खरंच. आता मी पहिल्यापेक्षाही बुटका आहे, कडेने ओबडधोबड, आणि माझं कौतुक कोणी करत नाही. मित्रांनो, कधी तुम्हाला चार माणसांपुढे उभं केलं, तर समोर बसलेल्यांत आपलं बोलणं कुणापर्यंत पोचत नाही, तेवढं आधी बघा.

पुढच्या रविवारी पाळक आले, तर त्यांच्या वरच्या ओठावर लोंबणाऱ्या झुपकेदार मिशा साफ गायब! त्या मिशांचा त्यांना भारी गर्व होता. लोक खुसखुसले, दोघांनी कारणही विचारलं. पाळकांनी सरळ ग्रंथ उघडला. पहिल्या बाकावर शिंपीणबाई मात्र मिशांखालून मोकळ्या झालेल्या त्यांच्या ओठांकडे बघत ताठ बसल्या होत्या.