सात दिवसांचे धुके

"नोंद घ्या," टेकडीवरून मेकॅनिक फोनवर म्हणाली. "वारा पश्चिमेचा, बरा आहे. टेकडीवर धुकं."

"किती दाट?" कचेरीत अंदाजबाईंनी पेन्सिल सरसावली.

"तिसऱ्या पवनचक्कीचं पातं दिसत नाहीये."

"वर जायचंय आज?"

"जायचंय."

"मग जपून. शिडी ओली असेल."

"हं. ठेवते."

सकाळी सातचा हा फोन चार वर्षे चालू होता. मेकॅनिक ही अंदाजबाईंची पोटची पोर, हे दोन्हीकडे सगळ्यांना माहीत होते. बोलणे ऐकून मात्र कोणाला खरे वाटले नसते. 'टॉवर चढायचे असतील तर या घराची पायरी चढू नकोस,' असे आई रागाच्या भरात बोलून गेली आणि लेकीने ते शब्दशः पाळले. खाण तशी माती. लेकीने आपला नंबर दिला नाही, आईने मागितला नाही. उरला तो हा कचेरीचा फोन, तोही कामापुरता.

दिवसभरात पवनचक्क्यांतून किती वीज निघेल, याचा आकडा अंदाजबाई रोज साडेसातपर्यंत वर कळवत. टेकडीवर धुके असले की हवा दुपारपर्यंत सुस्त पडते, म्हणून त्या दिवशी त्या आकडा खाली आणत. अंदाज चुकला की 'वारा काय आपल्या घरचा नोकर आहे?' असे म्हणत खऱ्या, पण चुकलेल्या आकड्यापायी त्यांना जेवण गोड लागत नसे.

मग साहेबांनी टेकडीवर वारा आणि धुके मोजणारे लेझरचे यंत्र बसवले.

"महिनाभर दोन्ही ठेवू, यंत्र आणि फोन. तुम्हीच ताडून बघा," साहेब म्हणाले. "यंत्र सरस निघालं तर फोन बंद. तुमचीही रोजची कटकट मिटेल. सुंठीवाचून खोकला जाईल!"

बाई नुसत्या हसल्या.

महिनाअखेर त्या तक्ता घेऊन बसल्या. एवढी अचूकपणाची भोक्ती बाई, पण यंत्र हरावे असे त्यांना मनापासून वाटत होते. यंत्राने महिन्यात चार दिवस धुके दाखवले होते. फोनवरच्या नोंदींत अकरा दिवस होते. म्हणजे सात दिवस बाईंनी आकडा उगाच खाली आणला होता, आणि त्या सातही दिवशी पवनचक्क्या सकाळपासून भरभरून फिरल्या होत्या.

आधी त्या संतापल्या. पोर डोळे मिटून नोंद देते की काय? मग त्यांनी वही उघडून एकेका दिवसावर बोट ठेवले. हवा स्वच्छ असली की त्या नोंद घेऊन लगेच फोन ठेवत. धुके असले तरच पुढे विचारत. किती दाट आहे, वर जायचंय का, जपून जा. चार वर्षांत त्या लेकीशी आईसारख्या बोलल्या होत्या त्या फक्त धुक्याच्या दिवशी.

"अगं वेडे," रिकाम्या खोलीत त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले.

तक्ता त्यांच्याच हातात होता. चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर फोन वाचला असता. हात काही धजेना. त्यांनी अहवाल लिहिला : 'यंत्र सरस आहे. फोन बंद करावा. सात दिवस अंदाज चुकला, तो दोष माझा.' शेवटचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचून पाहिले. ते त्यांना खोटे वाटले नाही.

शेवटच्या दिवशी सातला फोन वाजला.

"नोंद घ्या. वारा पश्चिमेचा. टेकडीवर धुकं."

समोरच्या पडद्यावर यंत्र टेकडी लख्ख असल्याचे सांगत होते.

"किती दाट गं?" बाईंनी विचारले.

लेक सांगू लागली. कुंपण दिसत नाही, शेड दिसत नाही, गाडीसुद्धा चाचपडत शोधावी लागली. बाई मध्येच "अगंबाई!" म्हणत होत्या. लिहून काहीच घेत नव्हत्या.

"उद्यापासून यंत्रच सांगणार ना?"

"हो. मी सातला इथं असतेच पण."

"माहितेय," लेक म्हणाली. तिच्यामागून वारा ऐकू आला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आकडा सात वाजून पाच मिनिटांनीच तयार झाला, आणि इतका अचूक आकडा बाईंच्या हातून कधी गेला नव्हता. कुठेतरी बोलायचे म्हणून साहेबांनी फोनकडे हात नेला, तेव्हा बाईंनी रिसीव्हरवर पंजा ठेवला.

"दहा मिनिटं थांबता का, साहेब? लाइन मोकळी असू दे."