क्राकुविकचा उन्हाळा

हाल्दोराची विहीण बोडिल कोपनहेगनहून आली ती एप्रिलातल्या एका बुधवारी, आणि दारातून आत शिरताना बुटांबरोबर ढीगभर बर्फ घेऊन आली.

"उद्यापासून उन्हाळा," तिचा कोट झटकत हाल्दोरा म्हणाली.

विहीण थट्टा करतेय असंच बोडिलला वाटलं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तसं छापलेलंच होतं. आइसलंडात एप्रिलातल्या एका ठरलेल्या गुरुवारी उन्हाळा लागतो. बाहेर आभाळ काय करतंय ते कुणी विचारत नाही.

बोडिल काही हवा खायला आली नव्हती. हाल्दोराच्या मुलाने, कारीने, सासूला पुढे घातलं होतं. आई माझं ऐकत नाही, निदान तुमचं ऐकेल, असं त्याचं म्हणणं. पहिली कॉफी संपायच्या आत तिने विषय काढलाच.

"आमच्याच गल्लीत एक छान घर रिकामं आहे. लिफ्टसुद्धा आहे. नातवंडं शाळा सुटली की तुमच्याकडे येतील. इथे उरलंय काय, विहीणबाई?"

हाल्दोराची डॅनिश शाळेत घोकलेली, पार गंजलेली. पण एवढ्यापुरती पुरली. "मी उरलेय ना."

खरं तर क्राकुविकमध्ये फारसं काही उरलं नव्हतंच. आधी मासळीचा कारखाना बंद पडला. तिथे हाल्दोराचं निम्मं आयुष्य कॉडचे काटे काढण्यात गेलं होतं. मग दुकान गेलं. गेल्या वर्षी नगरपालिकेने शाळेला कुलूप लावलं आणि पोरांना बसमध्ये घालून खाडीपलीकडच्या मोठ्या गावात न्यायला सुरुवात केली. यातलं एक अक्षरही तिने सांगितलं नाही. विहिणीच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या?

सकाळी वारा घराला खांदा लावून ढकलत होता. फोन वाजला. खाडीपलीकडून नगरपालिकेतला फिन्नुर होता.

"मावशी, वादळाचा इशारा आहे. तुमच्याकडची उन्हाळ्याची मिरवणूक रद्द. कार्यक्रम इकडे क्रीडागृहात घेतोय."

"आज बस नाही. आम्ही तिकडे यायचं कसं?"

"बघा ना... नाहीतर पुढच्या वर्षी."

"शाळा तिकडे नेलीत," हाल्दोरा म्हणाली. "दुकान गेलं तेव्हा हात वर केलेत. आता उन्हाळाही तिकडेच नेताय?"

"मावशी, तसं नाही हो—"

तिने फोन ठेवला. गावच्या बँडचा मोठा ढोल तिच्या कपडे धुण्याच्या खोलीत पडून असे, तो तिने ओढत बाहेर काढला. अंगात जाड लोकरी स्वेटर होता. त्याच्यावरून तिने फुलाफुलांचा सुती झगा चढवला.

"तुम्हाला वेड लागलंय!" बोडिल ओरडली.

"उन्हाळी कपडे आहेत," हाल्दोरा म्हणाली आणि बाहेर पडली.

ती बंदरापासून ढोल बडवत निघाली. म्हातारा कप्तान थोरलाकुर वाटच बघत होता; गारठू नये म्हणून त्याने कर्णा कोटाच्या आत धरला होता. ढोल ऐकून एकेक दार उघडत गेलं. सगळे मिळून सात-आठ जण झाले, वर एक कुत्रा. पाहुणी म्हणून आपलं कर्तव्य समजून बोडिलही मागून आली, छत्री घेऊन. वाऱ्याने छत्री उलटी केली, हिसकावली आणि समुद्रात नेऊन टाकली. हाल्दोरा मोठ्याने हसली. बोडिलचा चेहरा बघून लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, पण हसू काही आवरेना.

शाळेच्या चढावर तिचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आपटली, ढोल घरंगळत खाली गेला. नेमकी तेव्हाच फिन्नुरची जीप आली.

"बघा! हेच सांगत होतो! बसा गाडीत, मावशी."

"माझा ढोल आण," हाल्दोरा म्हणाली.

फिन्नुर जागचा हलेना. ढोल थोरलाकुरने आणला. बोडिल मात्र जीपमध्ये जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. हाल्दोराच्या मनात आलं, गेली. कारीला आता काय काय सांगेल. गुडघा ठणकत होता. तिने दात आवळले आणि पुन्हा ढोल धरला.

तेवढ्यात मागून दिव्यांचा उजेड पडला. जीप हळूहळू मिरवणुकीच्या मागे येत होती, भोंगा वाजवत. काच खाली करून बोडिल ओरडली, "चला पुढे! थांबलात कशाला?"

"या बाई ऐकतच नाहीत," फिन्नुर रडकुंडीला येऊन म्हणाला.

कुलूपबंद शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांनी उन्हाळ्याचं गाणं म्हटलं. शब्द वाऱ्याने तोंडातूनच नेले, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. बोडिल काही गाडीतून उतरली नाही.

दुपारी हाल्दोरा पॅनकेक काढत होती तेव्हा कारीचा फोन आला.

"पडल्या तरी थांबल्या नाहीत. तुझ्या आईला हलवणं माझ्याच्याने व्हायचं नाही," बोडिलने सांगून टाकलं आणि फोन हाल्दोराकडे दिला.

"आई, पडलीस म्हणे?"

"पडले."

"काही झालं असतं म्हणजे?"

"इथेच झालं असतं. तुला उन्हाळ्याच्या शुभेच्छा. पोरांना पापा दे."

फोन ठेवून ती तव्याकडे वळली. बोडिल ओले मोजे रेडिएटरवर पसरत होती.

"मला अजूनही वाटतं, तुम्ही तिकडे यायला हवं."

"वाटू दे," हाल्दोरा म्हणाली आणि तिच्या बशीत साय घालून आणखी एक पॅनकेक वाढला.