भट्टी केवढी?

“‘विराट’ तर गेलं,” वहीवर बोट ठेवून देवानंद म्हणाला. “मार्चमध्येच. टाइम ऑफिसच्या उमाठेले देऊन टाकलं.”

“उमाठेमंधी काय होतं विराट?” त्याच्या बायकोने, रत्नमालेने, चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

“चिकाटी.”

“खुर्ची सोडत नोयते, तिले चिकाटी म्हनता तुमी?”

देवानंदने वहीचं पान उलटलं. सेक्टर दोनच्या मराठी मंडळाची मानपत्रं तो सत्तावीस वर्षं लिहीत होता. पोलादाच्या कारखान्यातून कोणी निवृत्त झालं की शाल, श्रीफळ आणि देवानंदचं मानपत्र, हे ठरलेलं. लोक ते फ्रेम करून पुढच्या खोलीत लावत, आणि बायका एकमेकींच्या घरी गेल्या की आधी तेच वाचत. एकदा दोन शेजाऱ्यांना एकाच महिन्यात ‘प्रचंड’ लागलं, तर दोन्ही घरांत महिनाभर बोलचाल बंद. तेव्हापासून देवानंदने नियम केला होता की एका वर्षात एक विशेषण एकालाच. वहीत त्याची नोंद असे. या वर्षी ‘अफाट’ कँटीनच्या टिकारामकडे गेलं होतं, ‘अथांग’ दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे आणि ‘अजस्र’ एका स्टोअरकीपरच्या स्मरणशक्तीकडे. उदार माणसाने सणाआधीच डबे रिकामे करावेत, तसं झालं होतं. आणि आता बळीराम निवृत्त होत होता.

बळीराम काल संध्याकाळी येऊन गेला होता. भंडाऱ्याकडचा माणूस, छत्तीस वर्षं लोखंडाच्या भट्टीवर. दारातून वाकून आत आला आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

“देवाभाऊ, माह्याबद्दल दोन ओळी लिहा अन् सोडा. बाकी सारं भट्टीचं लिहा.”

“कावून?”

“कांताले मालूमच नाई ना मी कोठी होतो ते. घरच्यायले भट्टी दाखवाची पास निघाली तवा हर्षल पोटात होता. मंग माय बिमार पडली. आता तिचे गुडघे गेले, जिने चढनं होत नाई. मी सांगाले बसलो का म्हनते, ‘हो, मोठी हाय, समजलं. डब्बा धुवाले टाका.’ मले ‘मोठी’च्या पुढं शब्दच येत नाई. तुमाले येतात. शनिवारी कार्यक्रम हाय अन् रविवारी आमी क्वार्टर खाली करून गावाले चाललो. मंग राहूनच जाईन.”

एवढा धिप्पाड माणूस, पण हे सांगताना खाली पाहत होता. देवानंदने छातीवर हात ठेवून शब्द दिला.

म्हणून आज सकाळपासून वही उघडी होती. ‘भव्य’ शिल्लक होतं, पण ते लग्नाच्या मंडपालाही लावतात. ‘महाकाय’ म्हटलं की राक्षस डोळ्यांपुढे येई. ‘प्रचंड’वर तर गर्दी आणि ऊन यांचाच हक्क. ‘विशाल’ बरं होतं, पण ते मनाला शोभतं, लोखंडाला नाही.

“तुमी पायली काय हो भट्टी?” रत्नमालेने सहज विचारलं.

देवानंदचा पेन थांबला. एकतीस वर्षं तो टाउनशिपच्या ऑफिसात होता. गळके नळ, तुंबलेल्या मोऱ्या, क्वार्टरच्या चाव्या, असं त्याचं काम. नागपूरच्या लग्नांत मात्र तो ‘आमची भट्टी, आमचं पोलाद’ असं ऐटीत सांगे. भट्टी त्याने पाहिली होती ती रस्त्यावरून, चिमण्यांच्या धुरासकट. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याच दुपारी त्याने साहेबांकडून गेटपास घेतला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बळीरामच्या शेवटच्या पाळीला तो सोबत गेला. डोक्याला हेल्मेट, नाकात धूर. लोखंडी जिने चढताना पायाखालची जाळी थरथरत होती. वरच्या कठड्याशी आल्यावर त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर काळपट भिंत होती. डोक्यावरून नळ गेले होते, एकेकातून सिटी बस आरामात गेली असती.

“भट्टी कोणती?” त्याने ओरडून विचारलं.

बळीराम हसला. “तुमी पाहून राहिले ते सारं भट्टीच हाय.”

देवानंदने मान वर केली. आणखी वर केली. हेल्मेट मागे घसरून पडायला आलं, तरी भिंत संपेना. इतका वेळ तो तिच्यासमोर उभा होता आणि ती त्याला दिसली नव्हती, कारण ती नजरेत मावतच नव्हती. भीती वाटली, आणि भीतीच्या पोटातच देवळात वाटतं तसं काहीतरी. हात जोडावेत की पळावं हे त्याला कळेना. वहीतला एकही शब्द जवळ यायला तयार नव्हता.

बळीराम त्याला तिथेच थांबवून कामावर गेला. मग खाली भट्टीचं तोंड फुटलं. उजेड असा आला की सगळ्यांच्या सावल्या भिंतींवर आदळल्या. वितळलेलं लोखंड नालीतून वाहायला लागलं. इतक्या लांबूनही तोंड भाजलं. त्या धारेकडे चंदेरी कोट घातलेला एक माणूस लांब सळई घेऊन चालत निघाला. तो बळीराम आहे हे देवानंदला चालीवरून कळलं. आणि त्याच क्षणी भट्टी केवढी आहे हेही कळलं.

शनिवारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कांता बसली होती, पाय लांब करून, गुडघ्यांवर हात ठेवून. देवानंद उभा राहिला. कागदावर यावेळी फारसं काही नव्हतं.

“बळीरामभाऊ सहा फूट उंच आहेत,” त्याने वाचलं. “आपल्या क्वार्टरांच्या दारांतून ते वाकून शिरतात. काल मी त्यांना भट्टीपुढे पाहिलं. भट्टी केवढी आहे हे सांगणारा शब्द मला सापडला नाही. एवढंच सांगतो, की तिच्यापुढे बळीरामभाऊ तांदळाच्या दाण्याएवढे दिसत होते. त्यांच्या हातातली सळई आगपेटीतल्या काडीएवढी. समोरून आग वाहत होती आणि ते तिच्याकडे चालत गेले. मला वाटलं, हा माणूस आता परत येत नाही. ते परत आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, ‘चला, दुसरी बाजू दाखवतो.’ छत्तीस वर्षं ते असेच गेले, वहिनी, आणि पाळी संपली की तुमच्याकडे परत आले.”

टाळ्या वाजल्या नाहीत. सचिवांना वाटलं, विशेषणं अजून यायची आहेत. ते शाल हातात घेऊन ताटकळले.

कांता उठली. कोणाचा हात न धरता स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. बळीराम गडबडून उभा राहिला. तिने त्याच्या नव्या पांढऱ्या शर्टाचं मनगटावरचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. हातभर ठिणग्यांचे बारके, गोल, फिकट डाग होते.

“हे ग्रीसनं आलेत म्हनत होते ना तुमी?” ती हळूच म्हणाली. “मी येड्यावानी खोबरेल लावत रायली.”

बळीराम बाही खाली ओढायला लागला, तर तिने त्याचा हात बाजूला केला.

“दुखत होतं काय?”

“थोडंसं.”

तिने एका डागावर अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग बाही खाली ओढली, बटण लावलं, सचिवांच्या हातातली शाल घेतली आणि टाचा उंचावून आपल्या हाताने त्याच्या खांद्यावर घातली.