हातचा एक

मित्रांनो, आता माझ्यावर काही लिहायला जाऊ नका, खडू नुसता घसरतो. कापडे गावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेचा मी म्हातारा फळा. बिरवाडीच्या काशीराम सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं, तेव्हा केवढा रुबाब होता माझा! दर शनिवारी मुलं भोपळ्याचा पाला आणि कोळशाची पूड चोळून मला काळाकुळकुळीत करायची. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "फळा असावा तर असा!" मी आपला भिंतीवर फुगून बसायचो.

किती पोरं माझ्यापुढे उभी राहिली! पण जीव जडला तो आवडी नावाच्या पोरीवर. चौथीत एकदा नापास झालेली आणि सगळ्या वर्गाची 'ढ'. तिची आई रखमा एकदा शाळेच्या दारात येऊन बजावून गेली, "यंदा नापास झालीस ना गो, तर मुंबयला मामाकडं धाडीन. त्याचं पोर सांभाळ. तुझ्या डोक्यात काय शिरत नाय, मग हितं बसून काय करतेस?" आवडीनं मान डोलावली. तिलाही ते पटलं होतं, हेच मला फार लागलं.

कारण मला खरं ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत मला पुसायचं काम तिच्याकडे असायचं. वर्गात कोणी नसलं की ही बया खडूचा तुकडा घेऊन गणित मांडायची, आणि उत्तर बरोबर! पण मी पडलो लाकडाचा, ओरडून सांगणार कसा? वर्ग भरला की तेच गणित चुकायचं.

सगळी गोम तिच्या डाव्या हातात होती. हातचा हातातच धरायचा असतो, असं तिला वाटायचं. सात नि आठ पंधरा, पाच खाली आणि हातचा एक मुठीत गच्च! महिपती गुरुजी तसे मायाळू, पण छडीवर त्यांचा भारी विश्वास. ती जरा अडखळली की गरजायचे, "हात पुढे कर!" झालं, मूठ उघडायची, हातचा जायचा आणि सत्तेचाळीस नि अडतीस पंच्याहत्तर व्हायचे. पोरं खो खो हसायची.

पुढे गुरुजींची बदली झाली आणि महाडच्या गीताबाई आल्या. त्यांनी आवडीला माझ्यापुढे तेच गणित घातलं.

"मूठ का गं आवळलीस?" त्यांनी विचारलं.

"बाई, हातचा हाय."

हशा पिकला. बाईंनी मागे वळून नुसतं पाहिलं, वर्ग चिडीचूप.

"मग सोडू नकोस. घाई नाही. मी आहे ना इथे."

आवडीनं लिहिलं, पंच्याऐंशी. आणि बाईंकडे पाहत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? बरोबर आहे का, तूच तपास."

तिनं पुन्हा बेरीज केली आणि पुटपुटली, "बरोबर हाय."

"मोठ्यानं सांग!"

"बरोबर हाय!"

अहाहा, काय सांगू मित्रांनो, खिळ्यावर टांगलेला नसतो ना, तर नाचलोच असतो! त्या दिवसापासून ती आपणहून माझ्याकडे येऊ लागली. चुकायचीही, पण चूक स्वतःच शोधून काढायची.

निकालाच्या दिवशी रखमा गाठोडं बांधूनच आली. निकाल वाचण्याआधी बाईंनी विचारलं, "आपण पास आहोत असं कोणाला वाटतं?" सगळ्यांच्या आधी आवडीचा हात वर!

"अगो, हात खाली कर! हसतील पोरं," रखमा दारातून कळवळली.

"हसूंदे आये. मी पास हाय."

आणि खरंच पास होती. गणितात तर चांगलेच गुण होते. रखमानं डोळ्यांना पदर लावला आणि पाचवीची पुस्तकं कुठं मिळतात, ते बाईंना विचारलं.

पुढे भिंतीवर सिमेंटचा फळा आला आणि मी पडवीत येऊन पडलो. मला कोणी पाला चोळत नाही. नाही तर नाही. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी अडखळलं तर हसू नका, जरा थांबा. आणि अडखळणारे तुम्हीच असाल, तर उत्तर पुसण्याआधी एकदा तपासून बघा. कदाचित बरोबर असेल.