सुनेच्या वाटणीचं कालवण

दुपार कलली तरी कीर्तीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि त्यात त्या घरातल्या कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. सासरे बुधाजी जेवून वरच्या मजल्यावर एसी लावून घोरत होते. सासूबाई ठमाबाई जेवून पडवीत पान जुळवत बसल्या होत्या. नवरा हितेश रेतीखडीच्या गाड्या मार्गी लावून उशिरा आला, जेवला, ढेकर देऊन मोबाईल घेऊन सोफ्यावर आडवा झाला. घरातल्या शेवटच्या पुरुषानं हात धुतले. आता सुनेनं जेवायला हरकत नव्हती.

रोडपालीतला तो बंगला पाहिला तर कुणी म्हणेल, या घरात कशाची म्हणून कमतरता नाही. जमिनी गेल्या, त्यांचे पैसे आले, खाडीकाठच्या जुन्या घराच्या जागी तीन मजले उभे राहिले. स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा, दोन दारांचा फ्रिज, पाण्याला फिल्टर. आणि त्या चकचकीत ओट्यावर मधोमध, काळवंडलेल्या बुडाचा एक जुना पितळी टोप. मासळीचं कालवण शिजायचं ते त्यातच. स्टीलच्या भांड्यातलं कालवण बुधाजींना मिळमिळीत लागायचं. ठमाबाईंच्या सासूच्या वेळी टोपाला बुडाशी चीर गेली होती, तेव्हा धातू वितळवून त्याला डाग मारून घेतला होता. कल्हई मात्र कित्येक वर्षांत झालेली नव्हती, कारण कल्हईवाला आता या बाजूला फिरकत नाही आणि टोप घेऊन पनवेलच्या बाजारात जायला कुणाला सवड नाही.

त्या टोपाचा घरात एक कायदाही होता. घरातला शेवटचा माणूस जेवेपर्यंत तो रिकामा करायचा नाही, कालवण दुसऱ्या भांड्यात काढायचं नाही; काढलं तर घरची बरकत जाते. फ्रिजमध्येही ठेवायचा नाही, कारण फ्रिजला वास लागतो. आणि उरलेलं टाकायचं तर मुळीच नाही. मग त्याचं करायचं काय? ते सुनेनं संपवायचं. सकाळी पुरुषांना गरम भाकरी आणि अंडी. सुनेला रात्रभर टोपात मुरलेलं शिळं कालवण. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की तळाशी राहिलेली डोकी, शेपट्या आणि आंबट रस्सा. आणि वैशाखात तर विचारूच नका. कैरीचे दिवस, कालवणात चिंच हवी, आमसूल हवं आणि वर कैरीही हवी. ठमाबाईंचे गुडघे धरलेले असल्यामुळे त्यांनी आंबट कधीच सोडलं होतं. त्यांच्यासाठी वेगळं वरण व्हायचं. सुनेसाठी वेगळं काही होत नाही, हे सांगायला हवं का?

कीर्तीनं पहिला घास घेतला. तोंडात तीच चव आली, जिभेवर कुणी नाणं ठेवल्यासारखी. उन्हाळा लागला की असंच व्हायचं. पोटात पीळ पडायचा, डोकं जड व्हायचं, जिना चढताना पाय उचलायचे नाहीत. ती दोन घास खाऊन थांबली, भिंतीला पाठ टेकून तिनं डोळे मिटले. पडवीतून ठमाबाईंचा आवाज आलाच. शेजारच्या सखूबाईंना त्या ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होत्या, की आमच्या सुनेला वैशाख लागला की आळस चढतो, चैत्रात पाय मोडतात आणि पाऊस पडला की बघा कशी तुरुतुरु चालते.

खोटं नव्हतं ते. तीच तर कीर्तीची पंचाईत होती. पावसाळ्यात ती बरी असायची. आणि माहेरी, चिरनेरला गेली की भर मे महिन्यातही आठ-दहा दिवसांत तिच्या अंगात जीव यायचा. तिथं काय ऊन कमी होतं? पत्र्याचं घर, पंखा गरम वारा फेकणारा. तरी ती आईबरोबर एका ताटात ताजी भाकरी आणि सुकटीची चटणी खायची आणि तिला भूक लागायची. सासरच्यांनी याचा सरळ अर्थ काढला: माहेरी बरी होते म्हणजे सासरी सोंग करते. हितेशनंही तोच काढला. रात्री तिनं पाठ दुखते म्हटलं की तो म्हणायचा, उन्हाळ्यात सगळ्यांनाच थकवा येतो, तू काय जगावेगळी आहेस? आणि एसीचा रिमोट शोधायचा.

मागच्या वैशाखात तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पडलं. त्या दिवशी घरात कुणी तिला जवळ घेतलं नाही. ठमाबाई म्हणाल्या की हिच्या अंगातच ताकद नाही, बुधाजी म्हणाले की नशीब, आणि हितेश गाडीचा फोन आला म्हणून निघून गेला. कीर्तीनं चौथ्या दिवशी उठून भाकऱ्या थापल्या.

या वैशाखात ती पुन्हा दोन जिवांची होती. पुन्हा तिसराच महिना लागत होता. आणि तोंडात पुन्हा तीच चव, पायांत तीच मरगळ. हे मूल तरी राहील का, एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात रात्रंदिवस घोंगावत होता. घरात तो विचारायची सोय नव्हती.

गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावून, लाल गोळ्या देऊन उन्हाचा त्रास आहे असं सांगितलं होतं. तेवढ्यावर कीर्ती गप्प बसली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण ती गप्प बसली नाही. तिनं नणंदेकडे जाते असं सांगितलं आणि खारघरला एका डॉक्टरीणबाईंना दाखवायला एकटी गेली. घराबाहेर पाऊल टाकायला त्या मुलीला खोटं बोलावं लागलं, याची लाज खरं तर तिला वाटायला नको होती. ज्यांना वाटायला हवी होती ते एसीत झोपले होते.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. रक्त तपासायला दिलं आणि काय खाता, कधी खाता, कशात शिजवता, असं बारीकसारीक विचारलं. कीर्ती सांगत गेली. मध्येच बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, की एका घरात राहता, एकच पाणी पिता, एकच ऊन सोसता, मग आजारी तुम्ही एकट्याच का? हा प्रश्न कीर्तीला आजवर कुणी विचारलाच नव्हता, आणि उत्तर तर ती रोज दोन वेळा गिळत होती.

पुढच्या खेपेला बाईंनी सांगितलं, की रक्तात शिसं आहे, नको तेवढं आहे, आणि रक्तही फार कमी आहे. जुन्या डागात शिसं असू शकतं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट तासन्‌तास राहिलं की धातू त्यात उतरतो. सगळा दोष एका भांड्यावर त्यांनी टाकला नाही. घरामागं डोंगर फोडतात त्याची धूळ आहे, रात्री कारखान्यांचा उग्र वास येतो तो आहे, ऊन तर आहेच, आणि उपाशीपोटी राबणं आहे. शरीर हे सगळं मिळून सोसतं, असं त्या म्हणाल्या. मागचं मूल कशानं गेलं ते आज छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही म्हणाल्या. पण त्या टोपातलं अन्न आजपासून बंद, जेवण वेळेवर आणि ताजं, हे सांगताना त्यांचा आवाज कडक झाला. "हे औषध दुकानात मिळत नाही," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या घरच्यांनाच द्यावं लागेल."

घरच्यांनी काय दिलं ते ऐका. कीर्तीनं संध्याकाळी हितेशला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हे खरं. पण दुसऱ्या क्षणी तो आईला विचारायला गेला. आणि ठमाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. माझ्या सासूच्या टोपाला विष म्हणते? या घरातल्या तीन पिढ्या या टोपावर पोसल्या, त्या काय मेल्या? बुधाजींनी वरून फर्मान सोडलं की त्या खारघरच्या डॉक्टरणीकडे पुन्हा जायचं नाही. कीर्तीनं एवढंच मागितलं, की मला माझं कालवण आधी स्टीलच्या वाटीत काढून ठेवू द्या. नाही म्हणजे नाही. सून आधी वाढून घेते, असं गावात झालं तर तोंड दाखवायला जागा राहील का? एक वाटी कालवण. तेवढ्यावर त्या तीन मजल्यांची अब्रू टांगलेली होती.

मग कीर्तीनं शिळं खाणं सोडलं. कुणाला न सांगता कोरडी भाकरी आणि कांदा खायला लागली. ठमाबाईंच्या ते लक्षात आलं तसा त्यांनी आणखी एक नेम सुरू केला: स्वतः उभ्या राहून सुनेच्या ताटात टोपातलं वाढायला लागल्या. म्हणायच्या, पोटुशी बाई उपाशी राहिली तर लोक आम्हाला नावं ठेवतील. दोन दिवस कीर्तीनं ते खाल्लं. दुसऱ्या रात्री तिच्या ओटीपोटात कळ आली आणि ती न्हाणीघरात जमिनीवर बसून राहिली. कळ थांबली. तिनं तिथंच ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही.

रविवारी नणंद किशोरी नवऱ्याला, सत्यजीतला, घेऊन जेवायला आली. जावई आला म्हटल्यावर पापलेट आणलं, कैरी घातली, टोप शेगडीवर चढला. कीर्ती सकाळपासून ओट्याशी उभी होती. पानं मांडली: बुधाजी, जावई, हितेश आणि किशोरी. हो, किशोरीसुद्धा. लेक माहेरी आली की ती पहिल्या पंगतीला बसते. सून कुणाची तरी लेक असते, हे या घरात अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. कीर्तीनं सगळ्यांना वाढलं. मग आणखी एक पाट आणला, हितेशच्या शेजारी मांडला, आपलं ताट घेतलं. त्यात गरम भाकरी होती आणि वेगळ्या कढईत तळलेली पापलेटची एक मधली तुकडी. ती बसली.

बुधाजींचा हात तोंडाशीच थांबला. "हितेश, तुझी बायको कुठं बसलीय ती बघ," ते म्हणाले.

हितेशनं बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं. जावई ताटात बघत राहिला. किशोरी भावजयीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता एवढंच म्हणता येईल. हितेश हळूच म्हणाला, की कीर्ती, आज नको, पाहुणे आहेत.

"पाहुणे आहेत म्हणूनच आज," कीर्ती म्हणाली. "माझ्या पोटात तुमचं मूल आहे. त्याला मी टोपातलं उरलेलं घालणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. चालत नसेल तर तसं सांगा, मी चिरनेरला जाते आणि तिथं बाळंत होते."

बुधाजी ताट सरकवून उठले. आणि ठमाबाई स्वयंपाकघरातून तो टोपच दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. त्यांनी तो सगळ्यांच्या मध्ये आदळला, एका ताटलीत रस्सा ओतून घेतला आणि उभ्यानं भाकरी मोडली. गुडघे, आंबट, सगळं विसरून.

"बगा सगल्यांनी," त्या म्हणाल्या. "आमी जल्मभर ह्याच खाल्ला. सगल्यांच्या मागून खाल्ला, शिला खाल्ला. आमाला काय झाला? मेलो का आमी?"

कीर्तीनं मान वर केली. सखूबाईंनी तिला एकदा कुजबुजत सांगितलेलं तिच्या मनात किती तरी दिवस होतं, आणि ते बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं. पण आता तिला कुणाची गय करायची नव्हती.

"आई, किशोरीताईंच्या आधी तुमची दोन गेली. वैशाखातच गेली. ती कशानं गेली, कुणी विचारलं तुम्हाला?"

हे त्या घरात कधीच कुणी बोललेलं नव्हतं. किशोरीनं आईकडे पाहिलं. तिला ठाऊकच नव्हतं. हितेशला नव्हतं. बुधाजींना होतं, आणि ते दारात पाठ करून उभे राहिले. ठमाबाईंचा घास बोटांत तसाच राहिला. रागानं त्यांचा चेहरा काळा झाला होता, आणि सुनेच्या थोबाडीत मारायला त्या आता पुढं येतील असं सगळ्यांना वाटलं. त्या आल्या नाहीत. त्यांनी ताटली खाली ठेवली.

"दोन नाय," त्या म्हणाल्या. "तीन. एकाचा तर मी कोनाला सांगितलाच नाय. दुसऱ्या दिवशी शेतान भात लावायचा होता."

एवढं बोलून त्या भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, तिला माफही केलं नाही. पुढं कित्येक महिने त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. हितेश उठला, पुन्हा बसला, आणि मग त्यानं भाकरीची टोपली उचलून आईच्या पुढ्यात नेऊन ठेवली. आईलाही वाढावं लागतं हे त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं, त्याला किती वाढायचं तेही कळेना. किशोरी रडत होती. कीर्तीला रडायला सवड नव्हती. भाकरी अजून गरम होती, आणि ती जेवत होती.