पहिल्या फेरीचा बाक

आमच्या सरकारी मोटारींच्या डेपोत एक रीत होती. ज्या मिस्त्रीनं ब्रेक बांधला, त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचं. गिरडकडचा रस्ता उताराचा. लोक आधी त्या बाकाकडे पाहत आणि मगच चढत.

सत्तावन्न साली दुरुस्तीचं काम वर्ध्याच्या एका ठेकेदाराकडे गेलं. आम्ही चार मिस्त्री होतो, तिघांना घरी बसवलं. मला, तानबाला, ठेवलं. मी डेपोच्या साहेबांना विचारलं, काम काय?

"पहिल्या फेरीला बसायचं. लोकांना सवय आहे."

"ब्रेक पाहून घेत जाऊ का?"

"ठेकेदाराच्या कामाला हात लावायचा नाही."

आठ महिने मी नुसता बसलो. हात स्वच्छ राहू लागले. बायकोला त्याचं बरं वाटायचं.

एका गुरुवारी गिरडची गाडी ठेकेदाराकडून आली. रूपराव ड्रायव्हरनं दोनदा ब्रेक दाबला, तेव्हा कुठे ती थांबली. मागच्या चाकाशी ओल होती. बोट लावून पाहिलं, तर ब्रेकचं तेल. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पास होऊन आली आहे. बसा, नाहीतर घरी जा."

मी बसलो. दर गुरुवारी गिरडच्या दर्ग्याला जाणारी धुरपताबाई गठुडं घेऊन चढली.

"मिस्त्री बसले न? मंग मले काय भेव! बुढा मराले थोडीच बसला असन!"

सगळी गाडी हसली. मी उठलो.

"बाई, हा ब्रेक म्या नाई बांधला. आठ महिने झाले, एकबी नाई बांधला."

"मंग काऊन बसून राह्यले होते?"

मी उतरलो. माझ्यामागे एकेक करून सगळे उतरले. रूपराव तेवढा स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला.

"तू बी उतर न, बाबू."

"तुमी उतरले, मिस्त्री. मले तं न्याच लागते."

रिकामी गाडी घेऊन तो गेला.

दुपारपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. गाडी धडधाकट परत आली. साहेब म्हणाले, "झालं काही?" आणि माझं नाव कापलं. रूपराव खाली उतरला आणि आधी त्यानं मागच्या चाकाखाली दगड सारला. ते साहेबांनी पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्या बाकावर गाड्या धुणारा आनंदराव मिस्त्रीचे खाकी कपडे घालून बसला होता. धुरपताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे. गिरडला दुसरी गाडी नव्हती. ती चढली.