संत रोक्कोचा कुत्रा

आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या उंदीरसुद्धा कुरतडत नाहीत, इतक्या त्या कंटाळवाण्या. थोरल्या नातवाला आजोबाचंच नाव द्यायची आमची रीत. त्यामुळे लापेन्ना आडनावाखाली रोक्कोचा डोनातो, डोनातोचा रोक्को, पुन्हा रोक्कोचा डोनातो, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

अर्जेंटिनाहून आलेली नेलिदा त्या वह्यांवर वाकून बसली होती. वय साठीचं, केस तांबडे रंगवलेले, आणि मांडीवर चहाच्या पत्र्याच्या डब्यात तिचा बाप. म्हणजे त्याची राख. हा डोनातो लापेन्ना तान्हा असताना बोटीवर चढला, आई वाटेतच गेली, बापानं, म्हणजे रोक्कोनं, एकट्यानं त्याला वाढवलं. मरताना तो लेकीला म्हणाला, मला आपल्या माणसांच्या भिंतीत ठेव. आणि उद्या सकाळी तिची परतीची बस होती.

चर्चची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी विणकाम घेऊन तिथंच होते. आमचे पाद्री डॉन सेवेरिनो वहीवरून बोट फिरवून म्हणाले, त्या सुमारास तीन डोनातो आहेत, तिघांचेही बाप रोक्को, तिघांच्याही आया फिलोमेना. कबरस्तानात शवपेट्या ठेवायच्या कोनाड्यांच्या भिंतीही तीन, घराण्यागणिक एक. चुकीच्या भिंतीत पाहुणा कोंबला तर लोक डॉन सेवेरिनोंना घरात येऊन झोडपतील. घराणी आम्ही टोपणनावांवरून ओळखतो. पण ती बहुतेक चर्चमध्ये लिहिण्यासारखी नसतात.

मी विचारलं, "तुझा बाप शिव्या कशा द्यायचा?"

डॉन सेवेरिनो खोकले. नेलिदानं वेदीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. "इथं सांगू, मावशी?"

"त्यानं याहून वाईट ऐकलंय. सांग."

"'मर, रोक्कोच्या कुत्र्या.' नळ गळला तरी तेच, सरकार पडलं तरी तेच. आम्हाला वाटायचं, आजोबांनी कुत्रा पाळला होता."

माझ्या सुया थांबल्या. गावात संत रोक्कोला सगळेच शिव्या देतात. गारांना आणि जावयांना तोच जबाबदार. पण मिरवणुकीत त्याची मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्या घराण्याला ती सोय नाही. म्हणून ते त्याच्या पायाशी पाव तोंडात धरून बसलेल्या कुत्र्यावर राग काढतात. असं घराणं एकच, माझ्या नवऱ्याचं, जेरार्दोचं. जेरार्दोनं शेवटच्या दिवशी डॉक्टरला बघूनही कुत्र्यालाच बोल लावला होता. तो गेल्यापासून ती शिवी माझ्या कानावर पडली नव्हती.

आमच्या भिंतीत एकच कोनाडा रिकामा आहे, जेरार्दोच्या शेजारचा. तो माझा. दर नोव्हेंबरात मी तो स्वतः पुसते. क्षणभर वाटलं, विणत राहावं.

"तो आमचाच आहे," मी म्हटलं. "पण जागा एकच आहे, आणि ती माझी."

नेलिदानं डब्यावर हात ठेवला. "मग राहू दे. तुमची जागा मी कशी घेऊ?"

"घ्यायला कोण देतंय? डबा केवढा आहे ते बघू."

संध्याकाळी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. डबा मी कोनाड्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात सारला. मला झोपताना पाय पसरायला लागतात. डॉन सेवेरिनोंची प्रार्थना संपत आली तसं आम्ही संगमरवरी झाकण उचललं. ते निसटलं आणि नेलिदाच्या अंगठ्यावर आलं.

ती बापाच्याच सुरात कुत्र्यावर ओरडली. डॉन सेवेरिनोंनी घाईघाईनं आमेन म्हणून टाकलं.

मी जेरार्दोच्या फोटोवरची धूळ पुसली आणि तिला म्हटलं, "जरा मोठ्यानं म्हण गं. त्याला ऐकू कमी यायचं."